माजघराची जुळणी

"आणि तुमच्या भावाची तपासणी कोणत्या दिवशी ठेवू?" किडनी विभागाच्या काउंटरवरच्या मुलीने हसतमुखाने विचारलं.

ऋतुजा सानपला भाऊ नव्हता. ती एकुलती एक. हे तिला लहानपणापासून इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याबद्दल शंका यायचं काही कारणच नव्हतं. "काहीतरी चूक झालीय. मी एकटीच आहे," ती म्हणाली.

मुलीने स्क्रीन तिच्याकडे वळवली. वासंती नामदेव सानप. अपत्ये दोन. पहिलं अपत्य दशरथ गोरख गिते, मुक्काम चिंचेवाडी, जिल्हा बीड, रक्तगट जुळतो. दुसरं अपत्य ऋतुजा, रक्तगट जुळत नाही.

"एकसूत्रवरून आलंय मॅडम. आम्ही आता हाताने काही भरत नाही."

ऋतुजाने वळून पाहिलं. डायलिसिसने थकलेली आई मागच्याच बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. एरवी ती उठून काउंटरवर भांडली असती. भांडणात वासंतीबाई कोणाला हार जायच्या नाहीत, हे भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आज मात्र तिने पदर सारखा केला आणि समोरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बघत राहिली. त्या पाटीत एवढा वेळ वाचण्यासारखं काही नव्हतं.

ऋतुजाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

गंमत म्हणजे एकसूत्र तिला परकं नव्हतं. ती तिथेच नोकरीला होती. दवाखाने, शाळा, साखर कारखाने, विमा कंपन्या, तहसील कचेऱ्या, सगळ्यांची माहिती आपापल्या डब्यांत आणि आपापल्या सवयीने भरलेली. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी, कोणी लिहितच नाही. ही सगळी माहिती एकत्र करून मागेल त्याला स्वच्छ रूपात द्यायची, हे एकसूत्रचं काम. त्याचे थर तीन. खालचा थर माहिती आणून टाकतो, वरचा थर ती दाखवतो. मधल्या थरात तिच्यावर प्रक्रिया होते. ती निवडली जाते, धुतली जाते, आणि कुठली नोंद कुठल्या माणसाची हे तिथे ठरतं. ऑफिसात या मधल्या थराला सगळे माजघर म्हणत. ओसरीवरच्या पाहुण्याला माजघरात काय चाललंय ते दिसत नाही, त्याच्यापुढे ताट येतं तेवढंच त्याला कळतं.

जुनं माजघर फक्त नोंदी जुळवायचं. नवं आलं ते अंदाजही करू लागलं. गाळलेल्या जागा ते स्वतःच भरी, आणि एखाद्या खात्याकडे जी माहिती नसे ती त्या खात्याला परत पाठवूनही देई. लोक खूश होते. कोणालाच फॉर्म भरावा लागत नव्हता. जिथे माजघर अडखळे तिथे ते माणसाला विचारी, ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?’ हो किंवा नाही म्हणणाऱ्या माणसाला पंच म्हणत. ऋतुजा अशीच एक पंच होती. पंचाने आपल्या नात्यातली नोंद उघडायची नाही, हा तिथला पहिला नियम.

दवाखान्यांनी तर या माजघरावर डोळे मिटून भार टाकला होता. प्रत्यारोपणानंतर घ्यायची नवी औषधं आल्यापासून रक्तगट जुळला की पुरे होई, बाकीच्या बारीक तपासण्या मागे पडल्या होत्या. दाता रक्ताच्या नात्यातला असेल तर परवानगी लगेच मिळे, परका असेल तर समितीपुढे उभं राहावं लागे. आणि नातं आहे की नाही, ते एकसूत्र सांगे. रक्ताला विचारायची पद्धतच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने शेजारच्या टेबलावरच्या इम्रान शिकलगारला गाठलं. इम्रान सांगलीचा. माजघराच्या नियमांची डागडुजी त्याच्याकडे होती.

"तू उघड. मी नुसती बघते," ती म्हणाली.

"बघितलंस तरी नियम मोडतोच," इम्रान म्हणाला, पण त्याने उघडलं.

नोंदी दोन बायकांच्या होत्या. पहिली रखमा गोरख गिते, चिंचेवाडीची, ऊसतोडीला जाणारी. एका हंगामात तिच्या नोंदी थांबतात. साखर कारखान्याच्या दवाखान्यात दोन वर्षांच्या मुलाला लस दिल्याची नोंद, ती शेवटची. त्यानंतर ना मतदान, ना रेशन, ना मृत्यूचा दाखला. दुसरी वासंती सानप. तिच्या नोंदी लग्नापासून सुरू होतात. माहेर तेच, चिंचेवाडी. त्याआधीचं काहीच नाही. जन्मतारीख दोघींची एकच, एक जून.

"एक जून काय पुरावा आहे?" ऋतुजा म्हणाली. त्या पिढीत खेड्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असायचा. पोराला शाळेत घालायला बाप आला आणि त्याला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून टाकून मोकळे होत.

"म्हणून तर आपण नियम घातलाय, एक जून मोजायचा नाही. आणि नाव म्हणशील तर तो नियम तुझाच आहे." इम्रानने बोट ठेवलं. लग्नात मुलीचं नाव बदलतात, तेव्हा लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जुळत नसेल तर ते विरोधात धरू नये, असा तो नियम. तो सुचवला म्हणून ऋतुजाला टाळ्याही मिळाल्या होत्या. "आता माजघराचं म्हणणं बघ. एक बाई एका गावातून नाहीशी होते. त्याच गावची, त्याच वयाची, त्याच रक्तगटाची बाई थोड्याच दिवसांत नव्या नावाने पुण्यात उगवते. आणि हे नुसतं त्याचं म्हणणं नाही. विमा कंपनी, रेशन, तहसील, दवाखाना, सगळ्यांनी दुजोरा दिलाय. एवढे साक्षीदार असले की एक जूनचा नियम आपोआप बाजूला पडतो."

लग्नाआधी आईचं नाव सोजर होतं, एवढं तिला माहीत होतं. वडिलांनी, म्हणजे सानप मास्तरांनी, ताटातल्या तांदळात अंगठीने ‘वासंती’ लिहिलं होतं, हेही माहीत होतं. पण सोजर म्हणून आई कशी होती, काय करायची, याबद्दल घरात कधी अवाक्षर निघालं नव्हतं. माहेरचा एकही फोटो नव्हता. चिंचेवाडीला ती लेकीला कधी घेऊन गेली नाही. "तिथे आता कोण आहे?" एवढंच म्हणायची. ऋतुजाने ते आजवर सरळपणे ऐकलं होतं. आता त्या प्रत्येक वाक्याला वेगळाच वास येऊ लागला.

संध्याकाळी आई गवार मोडत बसली होती. ऋतुजाने समोर बसून सरळच विचारलं, "आई, बाबांच्या आधी तुझं लग्न झालं होतं का?"

"कोण म्हणालं?"

"सिस्टिम म्हणतेय."

"मग सिस्टिमलाच विचार. मला कशाला विचारतेस?"

"तुला एक मुलगा आहे म्हणते. चिंचेवाडीला. दशरथ नावाचा."

शेंग मोडता मोडता आईचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य तर नव्हतंच. खूप दिवसांनी दाराशी कोणी ओळखीचं आल्यासारखी ती बघत राहिली.

"दशरथ? जिता हाय त्यो?"

ऋतुजाने आईच्या तोंडून अशी भाषा जन्मात ऐकली नव्हती. मास्तरांच्या घरात बोलणं शुद्ध असे, आणि आईचं सगळ्यांत शुद्ध. ती बोली कुठून वर आली आणि लगेच कुठे बुडाली ते कळलंही नाही. आईने परात उचलली. "मला त्यातलं काही माहीत नाही. माझं डोकं दुखतंय," असं स्वच्छ मराठीत म्हणून ती आत निघून गेली.

ऋतुजाला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ज्या बाईने तिला साधी पेन्सिल लपवल्याबद्दल धोपटलं होतं, तिने एक अख्खा मुलगा लपवावा! बाबांना माहीत होतं का? दोन वर्षांच्या पोराला टाकून आलेली बाई आपल्याला कधी टाकून गेली असती तर? आईच्या प्रत्येक मायेच्या आठवणीवर आता संशयाचं बोट उमटत होतं.

तिचा फोन वाजला तो त्यानंतर लगेचच. स्क्रीनवर नाव आलं, ‘भाऊ (दशरथ)’. तिने हा नंबर कधीच साठवला नव्हता. फोनने तो एकसूत्रकडून परस्पर घेतला होता.

"ताई, म्या दशरथ बोलतो. मला दवाखान्याचा मेसेज आला. मही माय हाय म्हणं तुमच्याकडं." तो एका दमात पुढे म्हणाला, "किडनी देतो म्या. माझ्या दोन्ही बऱ्या हायेत. रविवारी येऊ का?"

ऋतुजा हो म्हणाली. नाही म्हणायला तिच्याकडे काही कारण नव्हतं.

इम्रानला मात्र चैन पडेना. ज्या नोंदीत सगळेच एका सुरात बोलतात तिथे त्याला हमखास खोट दिसे. त्याने एकेका साक्षीदाराला उलटं विचारायला सुरुवात केली, तुला हे कधी कळलं? आणि शुक्रवारी दुपारी त्याने ऋतुजाला बोलावलं.

"विमा कंपनीला कोणी सांगितलं की वासंतीबाईंना दोन मुलं आहेत? माजघराने. रेशनला? माजघराने. तहसीललाही माजघरानेच. पहिल्यांदा त्याला नुसता अंदाज होता, अगदी कच्चा. तो त्याने गाळलेली जागा भरायला म्हणून सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी तो आपल्या डब्यात ठेवला. पुढच्या खेपेला खालच्या थराने त्याच डब्यांतून माहिती उचलून आणली, आणि माजघर म्हणालं, वा, एवढे जण तेच म्हणताहेत! डोंगरात ओरडून आपलाच आवाज परत आला की पोरांना वाटतं ना, पलीकडे कोणीतरी आहे, तसं."

"म्हणजे खोटं आहे हे?"

"खोटं की खरं ते मला ठाऊक नाही. पुरावा शून्य आहे, एवढं नक्की." इम्रानने खुर्ची मागे सरकवली. "आणि हे असं फक्त तुझ्या आईचंच झालं असेल असं मला वाटत नाही. वर कळवावं लागेल. पण आधी ही जोडी. मी ‘वेगळ्या’ दाबलं की दशरथ परका होतो. परक्याला समिती. समिती किती जणांना हो म्हणते ते तुला माहीत आहे."

ऋतुजाला माहीत होतं. आईची तब्येत समितीसाठी थांबणारी नव्हती, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"रविवार जाऊ दे," ती म्हणाली. "आईचं वागणं तू बघितलं नाहीस. तो जिवंत आहे का, असं विचारलं तिने. माहीत नसलेल्या माणसाबद्दल कोणी असं विचारतं? कदाचित माजघराने चुकीच्या वाटेने जाऊन खरंच शोधलं असेल."

इम्रान तिच्याकडे बघत राहिला. तिचं तिलाच कळलं. कालपर्यंत हीच शंका तिला जाळत होती, आज ती सोयीची झाली होती. आईने मूल टाकलं असलं तर बरंच, म्हणजे आई वाचेल. आपण इतक्या सहज इथवर आलो याची तिला लाज वाटली. तरी तिने इम्रानला बटण दाबू दिलं नाही.

रविवारी दशरथ आला. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, केस विरळ झालेला माणूस. आता तो ऊस तोडणारं यंत्र चालवायचा. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी होती. ती कुठे ठेवावी ते न कळून तो दारातच उभा राहिला. पाया पडावं की नाही, हेही त्याला कळत नव्हतं.

आई खुर्चीत बसली होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बसतो, पण आधी एक इचारतो," तो म्हणाला. "राग नाही धरला म्या. किडनी तर देणारच हाय. पर सारं गाव म्हणायचं, तुझी माय कुणासंगं तरी पळून गेली. शाळेत म्हणायचे, लग्नात म्हणायचे. बापानं तर नावबी टाकलं तिचं. मला एवढंच सांगा, मला काहून टाकलं?"

ऋतुजा आईकडे बघत होती. आईने दोनच शब्द बोलायचे होते. ‘चुकलं माझं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो माणूस त्या दोन शब्दांवर विरघळला असता, सोमवारी परवानगी झाली असती, आणि आणखी वीस वर्षं ती गवार मोडत बसली असती. आईलाही हे सगळं कळत होतं. ऋतुजाने काल रात्री जेवताना तिला परवानगीचा सगळा हिशेब समजावून सांगितला होता, का सांगितला हे स्वतःला न विचारता.

"म्या तुझी माय न्हाई रे पोरा," आई म्हणाली.

दशरथने ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजाने मान खाली घातली.

"पर तुझी माय पळून न्हाई गेली. कुणी सांगितलं त्यानं खोटं सांगितलं. म्या व्हते तिथं." आईने पदराचं टोक मुठीत धरलं. "आमी ऊसतोडीच्या एकाच टोळीत. म्या माह्या भावासंगं, ती तुझ्या बापासंगं. तुझा बाप तव्हा तापानं कोपीत, पाचटाच्या खोपटात, पडलेला. पहाट व्हती. उसाची ट्रॉली भरून निघाली, रखमा वर बसली. कालव्याच्या वळणावर ट्रॉली पलटी झाली. आमी मोळ्या उपसल्या, तव्हा ती खाली गावली. मुकादम म्हणाला, बोंब झाली तर सगळ्यांचं काम जाईल. तिथंच कालव्यावर जाळली तिला. आन तुझ्या बापाला सांगितलं, डायवरसंगं गेली."

"कुणीच बोललं न्हाई?" दशरथने विचारलं.

"म्या बोलले. माह्या भावाला म्हणाले, गोरखला सांगू. त्यानं मला मारलं. कारखान्याच्या डाक्टरला म्हणाले, तो म्हणाला, तुझं नाव काय, तू कोण? माह्याजवळ तर माह्या नावाचा कागदसुद्धा नव्हता. मग माझं लगीन लावून दिलं, लांब." तिने पदराचं टोक सोडलं. "सानप मास्तरांच्या घरी कुणाला सांगितलं न्हाई की म्या कोयता धरलाय. रखमाचं सांगायचं तर ते बी सांगाया लागलं असतं. म्हणून गप बसले. हे चुकलं माझं."

मग आई म्हणाली, "तिच्या ओच्यात उसाचं एक कांडं व्हतं. सोललेलं, बारीक बारीक करून फडक्यात बांधलेलं. तुला दात कमी व्हते, मोठा तुकडा चावायचा न्हाई. टाकून जाणारी बाई असं बांधून घेत न्हाई."

दशरथ खाली बसला, फरशीवरच, आणि लहान पोरासारखा रडला. आई खुर्चीतून उठली. तिला उठायला बंदी होती. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, पण तिने त्याला जवळ घेतलं नाही. जवळ घ्यायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं असावं. नुसती बाजूला बसून राहिली. ऋतुजाला आपल्या संशयाची लाज वाटत होती, आणि संशय अगदीच खोटा नव्हता म्हणून ती लाज धड पुरती होत नव्हती. आईने लपवलं होतंच. फक्त जे लपवलं होतं ते माजघराला सुचलंच नसतं.

सोमवारी इम्रानने बटण दाबलं. वेगळ्या. रखमा गितेची नोंद पुन्हा एकटी झाली. ऋतुजाने त्यात मृत्यू भरायला लावला. माजघराने स्रोत विचारला. इम्रानने लिहिलं, प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती, सोजर. माजघराने उत्तर दिलं की या नावाची कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नाही, सबब माहिती अविश्वसनीय. चौघांचा पोकळ दुजोरा गिळणाऱ्या त्या यंत्राला डोळ्यांनी पाहिलेलं पचेना! इम्रानने आपल्या सहीने ते जबरदस्तीने भरलं, आणि दुपारी वरच्या साहेबांपुढे साऱ्या प्रतिध्वनीचं प्रकरण मांडायला गेला. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि हे बाहेर बोलायचं नाही असं सांगितलं. ऋतुजाला कालव्यावरचा मुकादम आठवला. त्याला न बघताही आठवला.

समितीपुढे दशरथ गेला तो पांढरा शर्ट घालून. आपण होऊन गेला. ऋतुजाने त्याला नको म्हटलं होतं, आईने तर शपथ घातली होती. टेबलामागे दोन साहेब आणि मध्ये एक बाई बसल्या होत्या. परका माणूस फुकट किडनी देतो म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काय ठरलंय तुमचं? खरं सांगा."

"काही न्हाई ठरलं."

"मग या बाई तुमच्या कोण?"

स्क्रीनवर नात्यांची यादी उघडी होती. आई, बहीण, पत्नी, मावशी. दशरथने ती नीट बघितली.

"मह्या मायची मैतरीण," तो म्हणाला. "मही माय कशी मेली ते हिनं सांगितलं. ह्या यादीत न्हाई ते."

मधल्या बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी यादी बंद केली आणि कागदावर हाताने लिहिलं, मंजूर.

आई बरी झाली. दशरथ महिन्यातून एकदा येतो, ज्वारीचं पीठ आणतो, सोफ्यावर न बसता फरशीवर बसतो. आई त्याला रखमाच्या गोष्टी सांगते, आपल्या जुन्या बोलीत, आणि ऋतुजा त्या ऐकायला ऑफिसातून लवकर येते.

परवा इम्रानने तिला हाक मारून आपली स्क्रीन तिच्याकडे वळवली. मृत्यूची नोंद अविश्वसनीय धरून तीच जोडी माजघराने पुन्हा पुढे केली होती. या खेपेला आधार नवा होता. दशरथचे आणि आईचे एकमेकांना फोन, त्याचे मुक्काम, सणाला घेतलेले कपडे, आणि एका शरीरातून दुसऱ्यात गेलेली किडनी. यात प्रतिध्वनी एकही नव्हता, सगळं खरं होतं. ‘रखमा गिते आणि वासंती सानप एकच व्यक्ती आहेत का?’

नात्यातली नोंद उघडायची नाही हा नियम होता, तरी इम्रानने माउस तिच्याकडे सरकवला. हो म्हटलं तर दशरथला कागदावर आई मिळणार होती आणि तिला भाऊ. पण मग रखमा पुन्हा नाहीशी झाली असती, कालव्याच्या वळणावरून, दुसऱ्यांदा.

तिने ‘नाही’ दाबलं. माजघर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार होतं, आणि तेव्हाही ती हेच दाबणार होती.